अर्धा टक्का की एक वर्ष? गाडीच्या कर्जाचा खरा हिशेब

दसऱ्याच्या आठवड्यात कुठल्याही शोरूममध्ये थोडा वेळ बसून बघा. गाडीचा रंग ठरलेला असतो, सीट कव्हर आणि मॅट फुकट मिळवण्यावरून घासाघीस झालेली असते आणि फायनान्सवाला मुलगा लॅपटॉप उघडून समोर बसलेला असतो. त्याचा पहिला प्रश्न व्याजाचा नसतो. ‘‘सर, हप्ता कितीपर्यंत बसवायचा?’’ एवढंच तो विचारतो. आपण म्हणतो, तेरा हजारांच्या आत. तो मुदतीच्या रकान्यात ६० खोडून ८४ टाकतो आणि आकडा आपल्या मनासारखा येतो. मग आपण दराकडे वळतो. दुसरी बँक पाव टक्का कमी घेते म्हणून अर्धा तास वाद घालतो. सात वर्षांचा निर्णय मात्र तोवर एका बोटाने होऊन गेलेला असतो.

गाडीच्या कर्जाची किंमत तीन गोष्टी ठरवतात : कर्ज किती वर्षांचं, घेणाऱ्याची पत कशी आणि बाजारातले दर कुठे आहेत. तिसरी गोष्ट आपल्या हातात नसते. दुसरी हळूहळू सुधारता येते. पहिली पूर्णपणे आपल्या हातात असते आणि नेमकी तिच्याकडेच आपण सर्वांत कमी बघतो.

मुदत वाढली की काय होतं

आठ लाखांचं कर्ज धरू आणि दर ९ टक्के, घटत्या शिलकीवर. तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे २५,४४० रुपये येतो आणि एकूण व्याज जातं १ लाख १६ हजार. पाच वर्षांना हप्ता १६,६०७ आणि व्याज १ लाख ९६ हजार. सात वर्षांना हप्ता उतरतो १२,८७१ वर, पण व्याज चढतं २ लाख ८१ हजारांवर. दर तिन्ही वेळा तोच आहे. तीन वर्षांऐवजी सात वर्षं घेतल्याचे १ लाख ६५ हजार रुपये जास्त जातात.

आता अर्ध्या टक्क्याची गोष्ट. पाच वर्षांच्या याच कर्जाचा दर ९ ऐवजी साडेनऊ लागला, तर पाच वर्षांत मिळून सुमारे ११,७०० रुपये जास्त जातात, महिन्याला दोनशेच्याही आत. उलट दर ९ टक्केच ठेवून मुदत पाचाची सहा वर्षं केली, तर सुमारे ४१,९०० रुपये जास्त जातात. म्हणजे एका वाढीव वर्षाची किंमत अर्ध्या टक्क्याच्या साडेतीन पट आहे. सहा वर्षांचं कर्ज पाच वर्षांच्या कर्जाएवढ्याच व्याजात पडायचं असेल, तर दर ९ वरून साडेसातवर यावा लागेल. दीड टक्क्याची अशी सूट घासाघीस करून कुणालाच मिळत नाही.

यामागचं कारण साधं आहे. पहिल्या महिन्यात आठ लाखांवरचं व्याज सहा हजार होतं, मुदत काहीही असो. तीन वर्षांच्या हप्त्यातून ते वजा जाता मुद्दलात १९,४४० जमा होतात. सात वर्षांच्या हप्त्यातून फक्त ६,८७१. सात वर्षांच्या कर्जात पहिल्या वर्षी आपण १ लाख ५४ हजार भरतो आणि मुद्दल जेमतेम ८६ हजारांनी उतरतं. मुद्दल हलत नाही, म्हणून व्याजही हलत नाही.

लांब मुदतीची बाजूही ऐकून घ्यायला हवी. आज हातात राहिलेल्या पैशाला किंमत असते. ज्याचं उत्पन्न नुकतंच सुरू झालंय, ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याच्या धंद्याला खेळतं भांडवल लागतं, त्याला छोटा हप्ता श्वास घ्यायला जागा देतो. पण मुदत ठेवीत ठेवलेल्या पैशावर कर बसून जे हाती येतं, ते सहसा गाडीच्या कर्जाच्या दरापेक्षा कमी असतं. त्यामुळे ‘पैसे ठेवीत राहू दे आणि कर्ज लांब घेऊ’ हा हिशेब पगारदार माणसाला बहुधा तोट्यातच नेतो.

बँक लांब मुदतीला का बिचकते

आतापर्यंत दर तोच धरला. प्रत्यक्षात मुदतीनुसार दरही बदलतो, पण सगळीकडे एकाच दिशेने नाही. काही बँकांच्या तक्त्यात पाच वर्षांवरच्या कर्जाला थोडा जास्त दर असतो. काही खासगी बँका मात्र तीन वर्षांच्या आतल्या कर्जालाच जास्त दर लावतात. एका फाइलमागचा खर्च ठरलेला असतो : एजंटचा किंवा डीलरचा पेआउट, पडताळणी, कागदपत्रं. तो थोड्या काळात वसूल करायचा तर दर चढा ठेवावा लागतो. म्हणून ‘मुदत कमी तर दर कमी’ असं गृहीत न धरता त्या बँकेचा तक्ता मागून घ्यावा.

लांब मुदतीबद्दलच्या बँकेच्या धास्तीचं मूळ गाडीतच आहे. घर तारण असेल तर त्याची किंमत सहसा वाढते. गाडीची किंमत शोरूमच्या दारातून बाहेर पडल्यापासून उतरू लागते. विम्याच्या कागदावर हे स्पष्ट दिसतं. गाडीचं विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, ठरवताना कंपनीच्या विक्रीकिमतीतून पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घसारा वजा करतात.

हा तक्ता कर्जाच्या शेजारी ठेवून पाहू. एक्स-शोरूम किंमत आठ लाख आणि कर्जही आठ लाख. काही बँका एवढं देतात. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के वाहनकर बसतो, म्हणजे ८८ हजार. तो आणि विमा आपण पदरचे भरले. तीन वर्षं पूर्ण झाली, गाडीला चौथं लागलं. विमामूल्य उरलं ४ लाख ८० हजार. सात वर्षांच्या कर्जाची बाकी तेव्हा ५ लाख १७ हजार असते. त्या दिवशी गाडी चोरीला गेली किंवा एक्स्प्रेसवेवर तिचा चुराडा झाला, तर विम्याची सगळी रक्कम बँकेला देऊनही ३७ हजार देणं उरतं, तेही नसलेल्या गाडीचं. पाच वर्षांच्या कर्जात त्याच दिवशी बाकी ३ लाख ६४ हजार असते आणि विम्यातून लाखाच्या वर आपल्या हातात येतात.

बँक हेच गणित आपल्या बाजूने करते. हप्ते थकले आणि गाडी ओढून आणावी लागली, तर लिलावात कर्जाएवढी किंमत येईल का? डाउन पेमेंट जास्त असेल तर दरात थोडी सूट मिळते आणि जुन्या गाडीच्या कर्जाला काही टक्के जास्त दर लागतो, तो याच कारणाने. जुन्या गाडीला मुदतही कमी मिळते, कारण कर्ज संपेल तेव्हा गाडीचं वय किती असेल ते बँक आधी मोजते.

सिबिल म्हणजे नेमकं काय

आता पतीकडे वळू. ‘सिबिल’ हा शब्द आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. सिबिल ही संस्था २००० मध्ये सुरू झाली, पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा. आज देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. साधारणपणे ७५० च्या वर असला की बँका खूश असतात. अनेक सरकारी बँका तर स्कोअरच्या पायऱ्या पाडून प्रत्येक पायरीला वेगळा दर जाहीर करतात.

या पायऱ्यांची किंमत काढू. आठ लाख, पाच वर्षं. उत्तम पत असलेल्याला ९ टक्के दराने १ लाख ९६ हजार व्याज पडतं. मधल्या पायरीवरच्याला साडेदहा टक्के लागले तर २ लाख ३२ हजार. खालच्या पायरीवरच्याला १२ टक्के लागले तर २ लाख ६८ हजार. म्हणजे उत्तम आणि कच्च्या पतीत पाच वर्षांत ७१ हजारांचा फरक पडतो. रक्कम मोठी आहे, तरी तीन आणि सात वर्षांच्या मुदतीतल्या फरकाच्या निम्म्याहून कमीच.

स्कोअर पगारावर ठरत नाही, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नसतं. दोन लाख पगाराच्या माणसाचा स्कोअर ६५० असू शकतो आणि तीस हजारवाल्याचा ७९०. स्कोअरला एवढंच बघायचं असतं : घेतलेलं वेळेवर फेडलं का, कार्डाच्या मर्यादेपैकी किती वापरलं, खाती किती जुनी आहेत, तारणी आणि बिनतारणी कर्जांचं मिश्रण कसं आहे आणि अलीकडे किती ठिकाणी कर्ज मागितलं. अहवालात प्रत्येक खात्यासमोर मागच्या छत्तीस महिन्यांचे चौकोन असतात. किती दिवस उशीर झाला त्याचा आकडा प्रत्येक चौकोनात असतो. सगळीकडे शून्य असावं आणि मध्येच एका चौकोनात ३० दिसावं, म्हणजे पांढऱ्या सदऱ्यावर शाईचा डाग. बँकेची नजर तिथेच जाते.

असा डाग कुठून पडतो? मोठं कर्ज बुडवल्यामुळे क्वचितच. माझ्या ओळखीतल्या एकाचं उदाहरण सांगतो. न वापरलेल्या क्रेडिट कार्डाची ४९९ रुपये वार्षिक फी, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ५८९ रुपये. कार्ड कपाटात, जुना मोबाइल नंबर बंद, त्यामुळे मेसेज मिळाला नाही. वर्षभराने गाडीच्या कर्जाला अर्ज केला तेव्हा कळलं, की ते ५८९ दंड आणि व्याज चढत काही हजारांवर गेलेत आणि अहवालात थकबाकीदार म्हणून नोंद झाली आहे.

दुसरं कारण आपल्याकडे घरोघरी सापडतं : जामीनकी. मामाने सहकारी बँकेतून ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं आणि भाचा सही करून आला. नागरी सहकारी बँकाही पतमाहिती कंपन्यांना नोंदी देतात आणि जामीनदाराच्या अहवालात ते कर्ज दिसतं. मामाचा हप्ता चुकला की भाच्याचं सिबिल हलतं. उलट, गावच्या पतसंस्थेत वीस वर्षं चोख व्यवहार ठेवलेल्या माणसाची ती शिस्त सिबिलच्या अहवालात दिसेलच असं नाही, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाहीत. जामीनकी नोंदली जाते, शिस्त नोंदली जात नाही, असा हा उलटा न्याय आहे.

तिसरं कारण ‘सेटलमेंट’. थकलेल्या कार्डावर काही रक्कम भरून ‘मिटवलं’ असं आपण म्हणतो. अहवालात मात्र ‘सेटल्ड’ अशी नोंद होते आणि कर्ज देणारा तिचा अर्थ ‘पूर्ण फेडलं नाही’ असाच लावतो. शक्य असेल तर पूर्ण रक्कम भरून खातं ‘क्लोज्ड’ करून घ्यावं.

ज्याने कधीच कर्ज घेतलं नाही, त्याची अडचण वेगळी. वडिलांनी शिकवलेलं असतं, की कर्ज काढू नये. मुलगा चाळिशीत पहिलं कर्ज मागायला जातो आणि त्याच्यापुढे स्कोअरच नसतो. केवळ पतइतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. मात्र दर कुठल्या पायरीचा लावायचा, हे बँकच ठरवते.

स्कोअरच्या पलीकडे

स्कोअर हे पतीचं एक अंग झालं. बँक उत्पन्न बघते, नोकरी किती वर्षांची आणि कुठे आहे ते बघते, धंदा असेल तर आयकर विवरणपत्रं मागते. पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे, किंवा जिथे गृहकर्ज चालू आहे तिथे, सवलत मिळण्याची शक्यता जास्त. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आधीचे हप्ते. सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या साधारण निम्म्याच्या आत बसले पाहिजेत, असा बँकांचा ढोबळ आडाखा असतो.

नेमकी इथेच मुदत आणि पत यांची गाठ पडते. ज्याची पत कच्ची त्याला दर जास्त. दर जास्त म्हणून हप्ता जास्त. हप्ता निम्म्याच्या मर्यादेत बसत नाही म्हणून मुदत वाढवायची. दोन माणसं घेऊ. पहिल्याला ९ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज, हप्ता १६,६०७. दुसऱ्याला १२ टक्क्यांनी सात वर्षांचं, हप्ता १४,१२२. कट्ट्यावर बसून दोघांनी हप्ते सांगितले तर दुसराच सौद्यात जिंकला असं वाटेल. त्याला हप्ता जवळजवळ अडीच हजारांनी कमी आहे. पण त्याचं एकूण व्याज ३ लाख ८६ हजार आहे, पहिल्याच्या जवळपास दुप्पट. दोघांची गाडी एकच आहे.

स्थिर दर, बदलता दर आणि रेपो

बाजाराच्या दराबद्दल थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी किरकोळ कर्जं बाहेरच्या मापदंडाला बांधायला लावली. बहुतेक बँकांनी रेपो दर निवडला. रेपो मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने उतरत डिसेंबरात ५.२५ वर आला. ज्याचा दर बदलता होता त्याने ही चढउतार दोन्ही अंगांनी अनुभवली. अनेक बँका आणि बँकेतर वित्तसंस्था गाडीचं कर्ज स्थिर दराने देतात. त्या कर्जदाराला चढाचा फटका बसला नाही आणि उताराचा फायदाही मिळाला नाही.

पाच वर्षांच्या कर्जात हा फरक गृहकर्जाएवढा मोठा नसतो. खरा फरक कर्ज लवकर फेडताना पडतो. स्थिर दराचं कर्ज मुदतीआधी बंद करायला अनेक ठिकाणी बाकी रकमेच्या दोन ते पाच-सहा टक्क्यांपर्यंत शुल्क लागतं. बदलत्या दराच्या, व्यवसायासाठी नसलेल्या वैयक्तिक कर्जावर मात्र १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या कर्जांना असं शुल्क लावायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. बोनस मिळाला की भरून टाकू, असं ज्याचं ठरलेलं आहे, त्याने दरापेक्षाही आधी हे कलम वाचावं.

कागदावर काय बघायचं

विशेषतः जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘फक्त सहा टक्के’ असं ऐकू आलं, तर विचारा : फ्लॅट की घटत्या शिलकीवर? सहा टक्के फ्लॅट म्हणजे आठ लाखांवर दरवर्षी ४८ हजार, पाच वर्षांचे २ लाख ४० हजार, मुद्दल कितीही उतरलं तरी. हप्ता येतो १७,३३३. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर पावणेअकरा टक्क्यांच्याही वर जातो.

हा गोंधळ टाळण्यासाठी एक चांगला कागद आता आपल्या हक्काचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ मुदतकर्जासोबत ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, केएफएस, देणं बंधनकारक आहे, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. प्रक्रिया शुल्क वगैरे धरून खरा वार्षिक खर्च किती, तो एपीआर त्यात लिहिलेला असतो. त्यात नसलेलं शुल्क नंतर आपल्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. दोन बँकांची तुलना करायची तर जाहिरातीतल्या दरांची करू नये, दोन केएफएसमधल्या एपीआरची करावी. आणि ती एकाच मुदतीसाठी करावी, नाहीतर पुन्हा हप्त्याच्या आकड्यात फसायला होतं.

पतीची तयारी गाडी पसंत करण्याआधी तीन-चार महिने सुरू व्हायला हवी. चारही कंपन्यांकडून वर्षाला एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर उतरत नाही, मात्र एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज ‘लॉगिन’ केला तर उतरू शकतो. अहवालात चूक सापडली तर तक्रार करा. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही तर त्यापुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते. त्यामुळे जुनी बाकी भरल्याचा परिणामही पूर्वीपेक्षा लवकर दिसतो.

सारांश सांगायचा तर चांगल्या पतीने कर्ज मिळतं आणि दर खाली येतो. पण त्या पतीचा फायदा टिकतो तो मुदत आवरल्यानेच. उत्तम स्कोअर कमावून सात वर्षांचं कर्ज घेणारा, मध्यम स्कोअरवर पाच वर्षांत मोकळा होणाऱ्यापेक्षा जास्त व्याज भरतो : आपल्या उदाहरणात २ लाख ८१ हजार विरुद्ध २ लाख ३२ हजार.

म्हणून शोरूममध्ये हप्ता सांगू नका. ३६, ६० आणि ८४ महिने, तिन्हींसाठी एकूण व्याज किती, ते कागदावर लिहून मागा. पेट्रोल, विमा आणि सर्व्हिसिंग धरून जो सर्वांत मोठा हप्ता झेपेल, त्यावरून मुदत ठरवा. तो पाच वर्षांतही बसत नसेल तर बँक बदलू नका, एक पायरी खालचं मॉडेल बघा. आणि शेवटचा हप्ता गेला की बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओतून आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. गाडी आपल्या नावावर खऱ्या अर्थाने त्या दिवशी होते.